चार रत्तलांचा फरक

बायकांच्या आवारात त्या साली जाती सहा होती आणि बायका सात. सातवी भाकऱ्या थापायला. टिनाच्या थाळ्या सात, वाट्या सात, घोंगड्या माणशी दोन म्हणजे चौदा. पाण्याचे रांजण दोन, त्यांतला एक पाझरणारा. लिंबाचं झाड एक. भिंतीवर नियमांची पाटी एक, तिच्यावर नियम एकवीस. दार एक.

हे सगळं हुसेनबी दिवसातून दोनदा बोटांच्या पेरांवर मोजायची. सकाळी पाचच्या घंटेला आणि संध्याकाळी दार लावण्याआधी. सोलापूरच्या तुरुंगात बायकांच्या आवाराची ती मेट्रन होती. नवरा याच तुरुंगाच्या फाटकावर शिपाई होता, तो प्लेगात गेला आणि तिला ही जागा मिळाली. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण अकरा वर्षांत तिचा आकडा एकदाही चुकला नव्हता. फाटकाशी बसणारा कोठीचा कारकून चन्नवीर म्हणायचा, "हुसेनबी, तुझी गिनती झाली की मी वहीत आधी शाईनं लिहितो, मग विचारतो."

आता हुसेनबी बेगम पेठेत भाच्याच्या खोलीत राहते. समोर पिठाची गिरणी आहे. पट्टा सुरू झाला की खोलीतली भांडी थरथरतात. पोरी डबे घेऊन रांगेत उभ्या राहतात आणि घटकाभरात पायलीचं पीठ घेऊन जातात. हुसेनबीला त्याचं काही वाईट वाटत नाही, हात दुखत नाहीत हे बरंच. पण गिरणीचं पीठ चिमटीत घेऊन बोटांवर चोळलं की तिला एकोणीसशे अठ्ठावीस सालचा पावसाळा आठवतो, आणि कस्तुराबाई आठवते.

कस्तुराबाई मंगळवेढ्याच्या पलीकडल्या माळावरची धनगरीण. बांधाच्या भांडणात चुलतदिराच्या डोक्यात खुरपं मारलं म्हणून वर्षाची सक्तमजुरी झालेली. अंगानं उंच, हात लांब, आणि बोलणं असं की वाटावं माळावरून हाका मारतेय. आली त्याच दिवशी तिनं लिंबाखाली उभं राहून विचारलं होतं, "बाईसाब, हितं मेंढरं किती?"

"मेंढरं? सात," हुसेनबी म्हणाली. "तुझ्यासकट."

त्यावर सगळ्या हसल्या आणि कस्तुराबाईही हसली. तेव्हापासून हुसेनबी तिला कस्तुरे म्हणायला लागली.

दिवस ठरलेला होता. पाचला घंटा, मोजणी, तोंड धुणं. साडेपाचला जोंधळ्याची कांजी. सहाला फाटकावरून चन्नवीर प्रत्येकीचे जोंधळे तोलून आत पाठवायचा: वीस रत्तल, म्हणजे दहा शेरांच्या आसपास. दहा वाजता भाकरी, मग पुन्हा जातं. चार वाजता पीठ फाटकावर न्यायचं. तिथं ते सरकारी चाळणीतून चाळलं जाई आणि चाळणीखाली पडलेलंच काट्यावर चढे. वर उरली ती भरड हिशेबात नाही. साडेएकोणीस रत्तल भरलं तर काम पुरं. अर्धा रत्तल उधळणीचा आणि कोंड्याचा सरकारनं सोडलेला. महिन्यात दोन वेळा कमी भरलं तर चालायचं. तिसऱ्यांदा कमी भरलं की त्या महिन्याची माफी गेली.

माफी म्हणजे शिक्षेतून कमी होणारे दिवस. काम पुरं आणि वागणूक चांगली असेल तर महिन्याला दोन. कस्तुराबाईला सांगितलं त्या दिवसापासून तिचं सगळं ध्यान त्या दोनवर लागलं होतं. तिची शिक्षा चौदा डिसेंबरला पुरी व्हायची. कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे त्या साली सत्तावीस नोव्हेंबरला, तिच्या घरची मेंढरं पश्चिमेला चरायला निघायची. नवरा, सासू आणि पाच वर्षांची लेक बाळाबाई मेंढरांबरोबर. ती परत यायची थेट मिरगाच्या तोंडाला.

"तवर घरला कोन न्हाई बगा," ती सांगायची. "आन मेंढरांचा वाडा आज हितं, उद्या तितं. गवात असंल तिकडं. मागनं चार-पाच दिसांत निघालं तर लेंड्या दिसत्यात, हिरीवर कुनी बी सांगतंय, अमक्याची मेंढरं गेली. पंदरवडा गेला की मागच ऱ्हात न्हाई. धा कळपांच्या लेंड्या, कुनाच्या म्हनून वळखायच्या? आन बाळी माजी... मला आनली तवा चार वरसाची व्हती. अजून सा म्हैनं गेलं तर मला मावशी म्हनंल की!"

नवख्या कैद्याचा पहिला महिना धरत नसत, म्हणून जुलै संपला तेव्हा तिचे बारा दिवस झाले होते. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरचे सहा मिळाले की अठरा. चौदा डिसेंबरातून अठरा वजा केले की सव्वीस नोव्हेंबर. हा हिशेब तिला चन्नवीरनं फाटकाच्या गजाआडून करून दाखवला होता. ती तो रोज एकदा तपासून घ्यायची, जणू रात्रीतून एखादा दिवस चोरीला जाईल.

तोवर पीठ कधी कमी पडलं नव्हतं. त्याचं कारण कोणी विचारलं नव्हतं. कारण असं होतं की बायका गात होत्या.

पाटीवरचा सातवा नियम हुसेनबीला पाठ होता: कामावर असता बोलू नये, गाऊ नये, खुणा करू नयेत. पण आवाराची भिंत जाड, आणि आधीचे जेलर कानानं मंद. सहा जात्यांची घरघर सुरू झाली की कोणीतरी हळूच ओवी काढायची, दुसरी उचलायची. अक्कलकोटकडची काशम्मा कानडीतून गायची. तिनं सवतीच्या गंजीला काडी लावली होती आणि तिची चार वर्षं बाकी होती. कस्तुराबाई मराठीतून गायची. दोघींना एकमेकींचे शब्द निम्मे कळायचे, चाल मात्र पुरी कळायची. हुसेनबी लिंबाखाली बसून ऐकायची. तिची आई इमामबी गावाकडं अशाच ओव्या म्हणत दळायची. एक ओवी पिराला, एक पांढरीच्या देवाला, मग माहेराला. सोलापुरात आल्यापासून हुसेनबीनं जात्याला हात लावला नव्हता. कैद्यांच्या भाकरीचं पीठ होतंय आणि आपलं बालपण फुकटात ऐकायला मिळतंय, असं तिला वाटायचं. त्यात काही गैर आहे हे मनात आलं की ती उठून थाळ्या मोजायची.

ऑगस्टच्या मध्याला नवे जेलर आले. तिसऱ्याच दिवशी ते भिंतीबाहेरच्या भाजीच्या वाफ्यांत उभे असताना आतून कस्तुराबाईचा आवाज आला:

"सरकारी जोंधळा, सरकारी जातं बाई,
गळा तेवढा माझा, त्याला कुलूप न्हाई."

जेलर फाटकावर आले, हुसेनबीला बोलावलं आणि विचारलं, "सातवा नियम काय आहे?"

हुसेनबीनं घडाघडा म्हणून दाखवला.

"पाठ आहे की!"

"जी साहेब, पाठ हाय."

"मग आता त्यांनाही पाठ होऊ दे."

दुसऱ्या दिवसापासून आवार गप्प झालं. फक्त दगडावर दगड. काशम्मा पहिल्या दिवशी कपाळावर हात मारून म्हणाली, "अव्वा! हे तुरुंग का मठ? मठात तरी जेवण चांगलं असतंय."

"काशम्मा, तोंड."

"इल्ला, इल्ला, नाही बोलत. मुकी झाले मी."

त्या दिवशी कस्तुराबाईचं पीठ अठरा रत्तल आणि तीन पाव भरलं. चाळणीवर भरड राहिली होती. चन्नवीरनं दोनदा चाळलं, काट्यावर टिचकी मारली, पण काटा तिथंच. चार दिवसांनी पुन्हा कमी. मग ती इतकी धास्तावली की उरलेला ऑगस्ट तिनं भाकरी निम्मी टाकून, दुपारची विश्रांती सोडून, भरड पुन्हा पुन्हा दळून रेटला. ऑगस्टचे दोन दिवस वाचले. हाताला फोड आले. महिनाअखेर ती हुसेनबीला म्हणाली, "बाईसाब, अजून दोन म्हैनं ह्ये मला जमायचं न्हाई."

"ताकद कमी झाली का ग?"

"ताकद न्हाई, माप गेलं. वव्हीच्या पैल्या वळीला मूठ जोंधळं टाकायचं, दुसरी वळ सरंस्तवर त्ये सरतंय. आता मूठ कवा टाकायची त्येच कळंना. अदुगर टाकली तर भरडं, उशिरा टाकली तर दगड दगडावर."

"मनात आकडे मोज. एक ते वीस."

कस्तुराबाईनं मोजून पाहिलं. धान्य मोजताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही खळ्यावरची सवय. त्यामुळं ती लाभ, दोन, तीन करत विसापर्यंत जाई, तिथं एक विसा झाला म्हणून मोजायला एक जोंधळा बाजूला काढी, आणि तो जोंधळा काढण्यात जातं थांबे. दहाच्या भाकरीपर्यंत पीठ रोजच्या निम्मंही नाही आणि जात्याजवळ जोंधळ्यांची ओळ; मग तिनं मोजणं सोडलं. काशम्मानं ती ओळ पाहून नियम मोडला आणि पोट धरून हसली.

दर रविवारी परेड असे. सुपरिंटेंडेंट जिल्ह्याचे सरकारी डॉक्टर होते. ते येत, कैदी रांगेत उभे राहत आणि ज्याला काही सांगायचं असेल तो एक पाऊल पुढे येई. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी कस्तुराबाई पुढे आली.

"साहेब, आमी मुक्यानं दळतोय म्हून पीठ भरडं येतंय."

जेलर हसले. "साहेब, उद्या पलीकडचे विणकर म्हणतील, लावणी म्हटल्याशिवाय धोटा चालत नाही."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांना एक खोड होती. कोणी काही छातीठोक म्हणालं की ते खिशातलं घड्याळ काढून बघत, जणू त्या म्हणण्याला किती वेळ लागला तेही टिपून ठेवायचं आहे. त्यांनी विचारलं, "का भरडं येतं?" आणि कस्तुराबाईनं मुठीचं आणि ओळीचं जे हुसेनबीला सांगितलं होतं तेच सांगितलं. डॉक्टरांनी तिच्याकडून हवेत हात फिरवून दोनदा करून घेतलं.

"मोजून पाहू," ते म्हणाले.

जेलर म्हणाले, "एक आठवडा गप्प, एक आठवडा गाऊन?"

"नको. मधेच जात्याला टाकी लावावी लागली तर आपण गाण्याला श्रेय देऊ आणि ते असेल पाथरवटाचं. एक दिवस गप्प, एक दिवस ओवी, असे बारा दिवस. तीच बाई, तेच जातं, तीच चाळणी, एकाच पोत्यातले जोंधळे. गप्प दिवशी सगळं आवार गप्प." मग म्हणाले, "कमी भरलं तर कमीच लिहायचं. नाहीतर ती गप्प दिवशी मुद्दाम हात आखडता घेईल."

म्हणजे कस्तुराबाईच्या सप्टेंबरची माफी त्या काट्यावर चढली. ओवीचं खरं करायचं तर गप्प दिवशी पीठ कमी पडायला हवं आणि माफी राखायची तर पडता कामा नये. हे तिच्या लक्षात यायला संध्याकाळ झाली. "ह्ये तर मीच माज्या पायावर धोंडा मारला की ओ, बाईसाब."

सोमवारी तीन तारखेला सुरुवात झाली. पहिला दिवस गप्प. डॉक्टर पुरुष, म्हणून ते दाराबाहेर खुर्ची टाकून अर्धा तास बसले आणि दाराच्या फटीतून घड्याळावर जात्याचे फेरे मोजत राहिले. मंगळवार ओवीचा. तेव्हा कस्तुराबाईचा गळाच धरला. "हुकुमानं गानं येतंय व्हय? त्यो साहेब तितं खुडचीवर आन मी हितं वव्ही म्हनू? लगीन लागल्यागत वाटतंय." शेवटी काशम्मानं कानडीतून सुरुवात करून दिली आणि मग हिची गाडी चालू लागली.

शनिवारपर्यंत सहा दिवस झाले. चन्नवीरच्या कागदावर गप्प दिवस असे: साडेएकोणीस, साडेएकोणीस, पावणेवीस. ओवीचे दिवस: साडेएकोणीस, पावणेवीस, साडेएकोणीस. बेरीज दोन्हीकडं सारखी. पाव रत्तलाचाही फरक नाही.

जेलरनी कागद पाहून मान डोलावली. हुसेनबीला आश्चर्य वाटलं. ऑगस्टात तर पीठ कमी पडत होतं. कस्तुराबाईनं भाकरी टाकली नव्हती, विश्रांतीही सोडली नव्हती.

शनिवारी दार लावताना काशम्मा तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाईसाब, तुम्ही छान गाता."

"मी? मी तोंड उघडलं नाही."

"तोंड इल्ला. किल्ल्या."

हुसेनबीच्या कमरेला नऊ किल्ल्यांचा झुबका असे. ऑगस्टात जेलरच्या धाकानं ती दाराशी बसून पहारा द्यायची; आता गप्प दिवशी ऐकायला काही नसायचं म्हणून ती बसत नव्हती. लिंबापासून रांजणापर्यंत फेऱ्या घालायची. चालताना हात झुबक्यावर. तिनं दोन पावलं टाकली आणि स्वतःच ऐकलं: दोनदा छन्न, मग लांब, मग दोनदा, मग मुठीएवढी उसंत. इमामबीच्या जात्याची चाल. अकरा वर्षं कमरेला लोखंड आणि त्यात आईचा गळा होता, तिला पत्ताच नव्हता.

"कस्तुरे, तुला ठाऊक होतं?"

"मला वाटलं तुमी मुद्दाम करताय," कस्तुराबाई म्हणाली. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि हुसेनबीचा हात धरला. हे नियमाबाहेर होतं. "बाईसाब, सांगू नगा. आसंच चालू द्या. तुमी किल्ल्या वाजवा, माजं पीठ भरतंय, माजी माफी भरतीया. कुनाचं काय जातंय?"

हुसेनबीनं हात सोडवून घेतला. तिनं बायका मोजल्या. सात. थाळ्या मोजल्या. सात. दार लावून घरी गेली तरी तिचं मोजणं थांबेना. एका बाजूला कस्तुराबाईचे दोन दिवस. दुसऱ्या बाजूला बाकीच्या पाच जात्यांवरच्या पाच जणी, त्यांतल्या काशम्माची चार वर्षं. किल्ल्यांवर दळण किती दिवस चालेल? नव्या जेलरचे कान चांगले आहेत. आणि चन्नवीरच्या कागदावर शाईनं लिहिलेलं आहे की गाण्यानं फरक पडत नाही. आकडा बरोबर आणि गोष्ट खोटी.

रविवारी परेड संपल्यावर डॉक्टरांनी कागद हातात घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "हुसेनबी, गप्प दिवशी आवारात काही आवाज होता का?"

रांगेतून कस्तुराबाई तिच्याकडे बघत होती.

"जी साहेब, होता. माझ्या किल्ल्यांचा."

मग तिला तिथं सगळ्यांसमोर चालून दाखवावं लागलं. डॉक्टरांनी घड्याळ काढलं. चन्नवीर तोंडावर हात धरून हसू दाबत होता. जेलर म्हणाले, "साहेब, ही कैद्यांना सामील आहे." डॉक्टर म्हणाले, "सामील असती तर गप्प बसली असती. किल्ल्या फडक्यात बांध, हुसेनबी. फेऱ्या घालायच्या नाहीत. उद्यापासून पुन्हा बारा दिवस." जेलरनी तिच्या नोकरीच्या कागदावर ताकीद लिहिली. अकरा वर्षांतली पहिली.

त्या दिवसापासून कस्तुराबाई हुसेनबीशी बोलेनाशी झाली. गप्प राहायचा नियम पाळायला तिला पहिल्यांदाच मनापासून कारण मिळालं होतं. बोलायची ती फक्त ओवीच्या दिवशी, आणि तेही जात्याशी:

"किल्ल्यांचा झुबका, कमरेला लोंबतो,
पिठाच्या जिवावर खरेपणा मिरवतो."

बाकीच्या पाच जणी ती ओळ दुसऱ्यांदा मोठ्यानं उचलायच्या. हुसेनबी लिंबाखाली मांडीवर फडक्यातल्या किल्ल्या घेऊन बसून ऐकायची. ओवी चांगली होती, आणि अर्थ मागाहून टोचायचा. काशम्मा तेवढी दुपारी भाकरी खाताना म्हणाली, "रागावू नका. ती शिव्या देते म्हणजे जिवंत आहे."

बावीस सप्टेंबरला बारा दिवस पुरे झाले. चन्नवीरनं फाटकावर वाचून दाखवलं. गप्प दिवस सहा: साडेएकोणीस, पावणेएकोणीस, साडेअठरा, सव्वाएकोणीस, साडेअठरा, साडेएकोणीस. एकूण एकशे चौदा रत्तल. ओवीचे दिवस सहा: डॉक्टर ऐकत बसले तेवढ्या वेळात एकदाही जातं थांबलं नाही अशी त्यांची टीप आणि पीठ एकूण एकशे अठरा. ओवीच्या सहा दिवसांत एकदाही साडेएकोणीसच्या खाली नाही. गप्प दिवशी मिनिटाला फेरे कधी एकतीस, कधी बावन्न. ओवीच्या दिवशी चाळीस ते बेचाळीस.

"चार रत्तल," डॉक्टर म्हणाले. "सहा जात्यांचे सहा दिवसांत चोवीस. जेलरसाहेब, एवढं पीठ सरकारनं का सोडावं?"

त्यांनी हुकूम लिहिला की बायकांच्या आवारात दळताना, आणि फक्त दळताना, ओवी म्हणण्यास सातव्या नियमाची बाधा नाही. तो हुकूम त्यांची बदली होईपर्यंत चालला, दोन वर्षं आणि पाच महिने. ते दिवस हुसेनबीच्या नोकरीतले सगळ्यांत चांगले. पहाटे कांजीचा वास, लिंबाची पानं झाडून काढलेली, सहा जाती एकदम सुरू होत आणि दोन भाषांतून एकच चाल येई. फाटकावरचे शिपाई पाळी बदलताना मुद्दाम रेंगाळत. मोजायला काही कमी नव्हतं आणि मोजणं आपोआप होई.

पण कस्तुराबाईचे सप्टेंबरात चार दिवस कमी भरले होते. डॉक्टरांनी चाचणीचे दिवस सोडा म्हणून सांगून पाहिलं. जेलर म्हणाले, माफीचा तक्ता वर जातो, आणि त्यात कारणाला रकाना नाही. या बाबतीत जेलर खरं बोलत होते. चन्नवीरनं तक्ता उलटसुलट करून बघितला. रकाना नव्हता. सप्टेंबरचे दोन दिवस गेले.

ऑक्टोबर तिनं गात काढला. एकही दिवस कमी नाही. एकूण माफी सोळा. अठ्ठावीस नोव्हेंबर, बुधवार.

त्या सकाळी हुसेनबीनं तिचं लुगडं, चांदीचं गोठ आणि कमरेची चंची मोजून परत दिली. मेंढरं आदल्या दिवशी निघाली होती. दोघींनाही ते ठाऊक होतं. फाटकाशी हुसेनबी म्हणाली, "मंगळवेढ्यापर्यंत सतरा कोस. मोटारीनं जा, चन्नवीर सांगेल कुठून सुटते."

"मोटार कशाला? पाय हायती की," कस्तुराबाई म्हणाली. अडीच महिन्यांतलं तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. एवढं बोलून ती गेली. मागं वळून पाहिलं नाही. हुसेनबी आत आली आणि तिनं मोजलं: बायका सहा, जाती सहा, थाळ्या सात.

पुढचा सगळा हिवाळा ती पश्चिमेकडून आलेल्या कुठल्याही बाईला विचारायची, धनगरांची मेंढरं कुठं दिसली का. कोणी म्हणायचं माणगंगेकाठी, कोणी म्हणायचं त्याच्याही पुढं. मेंढरं सगळीकडं होती. उन्हाळा गेला. मिरगाचे दोन पाऊस झाल्यावर एका मंगळवारी ती बाजारात कांदे घेत होती, तेव्हा घोंगड्यांच्या ढिगामागून कोणी हाक मारली. तीच माळावरची हाक.

"बाईसाब! हितं मेंढरं किती?"

कस्तुराबाई काळवंडली होती, वाळली होती. तिच्या पदराला धरून एक पोर उभी होती. हुसेनबी पोरीसमोर खाली बसली.

"कोन ही तुझी?" तिनं पोरीला विचारलं.

पोरगीनं आईकडं पाहिलं, हुसेनबीकडं पाहिलं आणि या बाईला एवढंही कळत नाही अशा आवाजात म्हणाली, "आई हाय."

हुसेनबी उठली. मग तिनं जे येत होतं तेच केलं.

"कस्तुरे, किती दिवसांनी गाठलंस?"

"गावात पोचले तवा तिसरा दीस सरला व्हता. दुसऱ्या दिशी पाटंचं निघाले, हिरीवर इचारत इचारत. त्येच्या दुसऱ्या दिशी कडूसं पडायला, दिवेलागनीला, धूळ दिसली."

"गावापासून किती कोस?"

कस्तुराबाईनं पोरीच्या डोक्यावरचा हात काढला आणि पेरांवर मोजलं. मोजताना पहिल्या पेराला 'लाभ' म्हणाली.

"चौदा."